बसा म्हटलं, की बसावं

संपादक महोदय,

बसमध्ये तरुण मुलं जागा देत नाहीत, अशी पत्रं मीही पूर्वी लिहिली आहेत. आजची तक्रार माझ्याच वयाच्यांबद्दल आहे, आणि त्यात मीही आलेच. वय ६८, एक गुडघा बदललेला. परवा एक कॉलेजातली मुलगी मला पाहून उठली. मी सवयीने म्हटलं, "नको नको, पुढेच उतरायचंय." उतरायचं होतं नऊ थांब्यांनंतर! ती बिचारी धड बसेना, धड उभी राहीना. तेवढ्यात तिसरेच एक गृहस्थ तिथे टेकले. आम्ही दोघी दांड्याला लोंबकळत. पुढच्या वेळी ती उठेल कशाला?

दुसरी खोड मागायची लाज. १९७०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम यांच्या विद्यार्थ्यांनी न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कारण न सांगता नुसती जागा मागून पाहिली. ६८ टक्के लोकांनी उठून किंवा सरकून जागा दिली. जड गेलं ते मागणाऱ्यांनाच. खुद्द मिलग्रॅमच्या तोंडून आधी शब्द फुटेना.

बदललेला गुडघा कपड्यांआड दिसत नाही. सुरुवातीच्या महिन्यांतलं गरोदरपणही दिसत नाही. समोरच्याला कळावं कसं? म्हणून काल मी सरळ मागितली. कानात इअरफोन घातलेला मुलगा दचकून उठला. "सॉरी आजी, लक्षच नव्हतं."

'आजी' तेवढं खटकलं. पण बसले.

आपली,
एक नियमित प्रवासी