महाराष्ट्र म्हणजे छोटा भारत? कसला काय!

संपादक महोदय,

परवा कर्वे रोडला अमृततुल्यमध्ये चहा घेत होतो, शेजारच्या टेबलावर एक काका ठासून सांगत होते की महाराष्ट्राचा मूड बघा, देशाचा कळतो. मला काही ते पटेना. घरी येऊन 2011 च्या जनगणनेचे आकडे काढले, (2021 ची तर वेळेवर झालीच नाही) आणि गंमत म्हणजे हिंदूंचं प्रमाण जवळपास सेम निघालं, देशात 79.8 टक्के आणि आपल्याकडेही तेवढंच. म्हटलं काका बरोबर होते की काय!

पण पुढे बघितलं तर सगळंच वेगळं. देशात शहरात राहणारे 31 टक्के, आपल्याकडे 45. बौद्ध देशात 0.7 टक्के आणि इथे 5.8, म्हणजे देशातल्या दर चार बौद्धांपैकी तीन आपल्याच राज्यातले, 1956 ची नागपूरची दीक्षा आठवा म्हणजे कारण कळेल. अनुसूचित जाती मात्र देशात 16.6 टक्के, इथे 11.8.

आणि निकालाचं काय? 2024 च्या लोकसभेला देशात एनडीएला 543 पैकी 293, आणि इथे 48 पैकी फक्त 17. काका पुन्हा भेटले तर हा कागद दाखवणार आहे, चहाचे पैसे मात्र त्यांनीच द्यायचे.

- एक वाचक, कोथरूड, पुणे