एपिसोडची बँक आणि आमची झोप

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी 10 ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास, वर्तमानपत्रांत कामाच्या ताणावर लेख येतात. दीर्घ श्वास घ्या, फिरायला जा, 'नाही' म्हणायला शिका. मी ते कापून ठेवते. त्यातल्या काही गोष्टींचा मला खरोखर उपयोग झाला आहे. पण गेली 14 वर्षं मी जिथे काम करते, तिथलं मूळ दुखणं त्या लेखांत कधी सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

मी मराठी दैनंदिन मालिकांची एडिटर आहे. अर्ध्या तासाच्या भागात जाहिराती सोडून साधारण 22 मिनिटं आमची असतात. आमच्याकडे दिवसातून दहा वेळा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "बँक किती?" बँक म्हणजे तयार होऊन पडलेले, अजून लागायचे असलेले भाग. सात-आठ भाग हातात असले की सगळं युनिट माणसासारखं बोलतं. बँक शून्यावर आली की दुपारी घोडबंदर रोडच्या सेटवर शूट झालेला सीन त्याच संध्याकाळी साडेसातला लोकांच्या घरात दिसायचा असतो. मग भाग तुकड्यातुकड्यांनी जातो. पहिला तुकडा वाहिनीकडे पोचलेला असतो, शेवटच्याचं पार्श्वसंगीत अजून लागत असतं.

कलाकार आजारी पडला, पावसाने आउटडोअर बुडालं, तर बँक संपणारच. त्याची तक्रार नाही. पण माझ्या पाहण्यात ती सगळ्यात जास्त वेळा गुरुवारी संपते. गुरुवारी बार्कचे, म्हणजे कोणती मालिका किती लोकांनी पाहिली याचे, आकडे येतात. टीआरपी पडला की कथेचा ट्रॅक फिरवायचा ठरतो, लॉक झालेले, म्हणजे पक्के करून ठेवलेले, भाग पुन्हा उघडतात आणि लिहून झालेले सीन बाद होतात. लेखकाने रात्रीतून नवे संवाद द्यायचे, दिग्दर्शकाने सकाळी ते घ्यायचे आणि आम्ही संध्याकाळपर्यंत जोडायचे. आकड्यावर सगळ्यांचं पोट आहे, हे मला कळतं. तरीही त्या एका दिवसाची धास्ती पुढचे सहा दिवस अंगात मुरते.

2021 च्या ऑगस्टमध्ये, रात्री दोनच्या सुमाराला, एका लग्नाच्या सीनवर बसले होते. खोलीला खिडकी नाही, एसी कायम 18 वर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार जणांचे चार निरोप आले: हिचा क्लोजअप वाढवा, कमी करा, मंगळाष्टक आधी घ्या, नको, होतं तसंच ठेवा. डावा हात कीबोर्डवर होता आणि त्याची बोटं बधिर झाली. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटलं. श्वास घेतला जात होता, पण पुरत नव्हता. मी आज जाणार, एवढाच विचार डोक्यात होता. असिस्टंटने रिक्षात घालून जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "ताई, शेवटची सलग सहा तास झोप कधी झाली?" मला आठवेना. मी तिथेच रडायला लागले.

पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. आठ महिने गोळ्या घेतल्या, समुपदेशनही घेतलं. हे लपवण्यासारखं आहे असं मला वाटत नाही. समुपदेशक बाईंनी एक वही करायला सांगितली. डाव्या पानावर काय होईल असं वाटतंय ते लिहायचं आणि उजव्या पानावर प्रत्यक्षात काय झालं ते. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे. डावीकडे: 'आज भाग हुकणार, मला काढणार, पुन्हा काम मिळणार नाही.' उजवीकडे, दुसऱ्या दिवशी: '7.22 ला पोचला. एका शॉटमध्ये जंप (चित्राचा झटका) राहिला. कुणी विचारलं नाही.' अशी साठ-सत्तर पानं भरल्यावर भीती आणि वस्तुस्थिती यांतलं अंतर मला डोळ्यांनी दिसायला लागलं. रात्रीचा चहा बंद केला. छाती भरून आली की श्वास घेण्यापेक्षा सावकाश सोडण्याकडे लक्ष देते, त्याने दोन-चार मिनिटांत हात सैल पडतात.

पण मी बरी झाले ती फक्त वहीने नाही. नेमकी त्याच सुमारास मी एका दुसऱ्या मालिकेवर गेले. तिथल्या कार्यकारी निर्मातीने तीन नियम घातले होते. दुरुस्त्या एकाच माणसाकडून, एकाच यादीत आणि रात्री नऊच्या आत येणार. बँक चारच्या खाली गेली तर नवा ट्रॅक उघडायचा नाही, आधी भाग साठवायचे. रात्रभर एडिट झालं तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या माणसाला फोन करायचा नाही. ती मालिका पावणेदोन वर्षं चालली आणि त्या काळात आमचा एकही भाग उशिरा गेला नाही. माझ्या गोळ्या त्याच काळात बंद झाल्या. डॉक्टर तेच होते आणि मीही तीच होते. कामाची घडी तेवढी बदलली होती.

आता मी पुन्हा अशा ठिकाणी आहे जिथे यातलं काही नाही. शेजारच्या मशीनवर 23 वर्षांचा असिस्टंट बसतो, लातूरकडचा, हाताने फार चांगला. सीन कुठे सोडायचा हे त्याला न सांगता कळतं. गेल्या महिन्यापासून तो जेवणाचा डबा न उघडताच परत नेतो. फोन वाजला की आधी दचकतो आणि मग उचलतो. मला ते सगळं ओळखीचं आहे. सुट्टी घे म्हटलं तर म्हणतो, "मॅडम, सुट्टी घेतली तर त्या एपिसोडचे पैसे जातात." आमच्यातल्या बहुतेकांना भागाप्रमाणे पैसे मिळतात आणि तेही 90 दिवसांनी. भरपगारी रजा नाही, पीएफ नाही, कंपनीचा विमा नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारांवरचे उपचार शारीरिक आजारांप्रमाणेच विम्यात घ्यायला सांगितलं आहे. पण ज्याच्याकडे मुळात विमाच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? अशा मुलाला 'नाही म्हणायला शिक' असं सांगताना माझी जीभ रेटत नाही.

त्याला मी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा नंबर लिहून दिला आहे. केंद्र सरकारची ही सेवा 2022 पासून चालू आहे. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येतं. वाचकांपैकी कुणाला गरज असेल तर जरूर फोन करावा.

वाहिन्यांना आणि निर्मात्यांना माझी कळकळीची विनंती आहे की मालिका सुरू करताना कथा आणि कलाकार ठरवता, तशीच बँकेची खालची मर्यादा आणि दुरुस्त्यांची शेवटची वेळ करारात लिहा. यासाठी वेगळा पैसा लागत नाही. एकच भाग पाच वेळा उघडण्यात यापेक्षा जास्त पैसा जातो, याच्या नोंदी प्रत्येक एडिट रूमच्या रजिस्टरमध्ये आहेत. भागाप्रमाणे काम करणाऱ्यांचे पैसे तीस दिवसांत द्या. आणि कामगार संघटनांनी शिफ्टच्या तासांसाठी सेटवर जसा आग्रह धरला, तसा तो एडिट रूममध्येही धरावा. आमच्या खोल्यांत कुणी तपासायला येत नाही.

काल रात्री दहाला मी त्या मुलाला घरी पाठवलं आणि उरलेला तुकडा मी लावला. रोज हे जमणार नाही.

आपली,
एक मालिका एडिटर, डोंबिवली
(नाव छापू नये ही विनंती. पुढचं काम अजून मिळवायचं आहे.)