पैज लावणारे काठावरच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विद्यार्थी पुरवणीत ‘थ्रो डाऊन द गॉन्टलेट’ या इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ ‘आव्हान देणे’ असा एका ओळीत दिला होता. अर्थ बरोबर आहे, पण मुलांना कळायला हवी ती गोष्ट राहून गेली. गॉन्टलेट म्हणजे चिलखताबरोबरचा लोखंडी हातमोजा. लढायचे असेल तर तो समोरच्याच्या पुढ्यात टाकायचा. त्याने उचलला की लढाई ठरली. इंग्लंडमध्ये राज्याभिषेकाच्या मेजवानीत राजाचा योद्धा घोड्यावरून येऊन असा मोजा टाकत असे आणि राजाचा हक्क अमान्य असेल त्याने पुढे यावे, असे आव्हान देत असे. चौथ्या जॉर्जच्या वेळी, १८२१ मध्ये, हे शेवटचे घडले. (‘रन द गॉन्टलेट’ हा वेगळाच वाक्प्रचार आहे, त्याचा मोज्याशी संबंध नाही. मुले इथे हमखास गोंधळतात.)

मोजा टाकणाऱ्याला स्वतः लढावे लागे. आपल्याकडे विजापूरच्या दरबारात अफझलखानाने विडा उचलला तो आपणहून, आणि १६५९ मध्ये प्रतापगडाखाली आला तोही स्वतःच.

आता आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर काय चालते ते पाहा. कोयनेचा विसर्ग वाढून कृष्णा चढू लागली की तिथे पोरांचा घोळका जमतो. “दम हाय का? मार की उडी!” घाटावर लहानपणापासून पोहलेल्या माणसाला पाण्याची ओढ कळते. कुठे उतरायचे, कुठल्या काठाला लागायचे, हे तो आधी बघतो आणि पाणी बरे दिसले नाही तर उतरतच नाही. सांगलीच्या या पट्टीच्या पोहणाऱ्यांचा मला अभिमान आहे. पण चारचौघांनी डिवचले म्हणून उडी टाकणाऱ्या पोराला वाहत येणारे ओंडके दिसत नाहीत, पाण्याखाली गेलेल्या घाटाच्या पायऱ्या आणि तारा दिसत नाहीत. नदीत मगरी आहेत त्या वेगळ्याच. आणि डिवचणारे? ते कठड्याला टेकून मोबाईलवर चित्रीकरण करत असतात. त्यांच्या अंगावर पाण्याचा थेंबही उडत नाही. ज्यात आपला जीव पणाला नाही, ते आव्हान कसले? ती निव्वळ चिथावणी आहे.

आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. त्या पुरातून गेलेल्या गावात तरी अशा उड्यांचे फोटो ‘थरार’ म्हणून छापले जाऊ नयेत, ही आपल्याला कळकळीची विनंती. पोलिसांनीही उडी मारणाऱ्याला समज देऊन थांबू नये. पैज लावणाऱ्या पोरांना बाजूला घ्यावे आणि त्यांच्या आईवडिलांना तिथेच पुलावर बोलवावे.

आपला,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक,
गावभाग, सांगली