दानामागचा पाद्री

महोदय,

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचे (एनआयव्ही) नाव करोनाकाळात घराघरांत पोचले. १९५२ मध्ये ‘विषाणू संशोधन केंद्र’ म्हणून ती सुरू झाली, तेव्हा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जोडीला न्यूयॉर्कचे रॉकफेलर फाउंडेशन होते. पैसा तेलसम्राट जॉन डी. रॉकफेलर यांचा, हे पुष्कळांना ठाऊक असते. तो संशोधनाकडे वळवणारे फ्रेडरिक गेट्स मात्र आपल्याकडे जवळजवळ अज्ञातच आहेत. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या (सीएसआर) निधीतून नेमके काय साधते, असा प्रश्न वारंवार विचारला जातो. म्हणून हे पत्र.

गेट्स हे मिनियापोलिसच्या बाप्टिस्ट चर्चचे पाद्री. शिकागो विद्यापीठासाठी रॉकफेलर यांनी १८८९ मध्ये सहा लाख डॉलर कबूल केले ते अटीवर: उरलेले चार लाख इतरांनी वर्षभरात जमवायचे. ती वणवण गेट्स यांनी केली. १८९१ पासून ते रॉकफेलर यांचे सल्लागार झाले आणि दारी येणाऱ्या प्रत्येक अर्जाची कसून चौकशी सुरू झाली. किरकोळ देणग्या वाटत बसण्यापेक्षा दुःखाच्या कारणालाच हात घालावा, हा त्यांचा आग्रह. १८९७ च्या उन्हाळ्यात या पाद्र्याने नामवंत डॉक्टर विल्यम ऑस्लर यांचा वैद्यकाचा जाडजूड ग्रंथ वाचून काढला. इतके थोडे आजार बरे करता येतात हे पाहून ते अस्वस्थ झाले. त्या अस्वस्थतेतून १९०१ मध्ये रॉकफेलर वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली.

मला सर्वांत मोलाची वाटते ती १९०९ ची अंकुशकृमीविरोधी (हुकवर्म या आतड्यातल्या जंताविरुद्धची) मोहीम. अमेरिकेच्या दक्षिणेत अनवाणी पोरांच्या तळव्यांतून ही कृमी शरीरात शिरत असे. मुले पांढरीफटक, मलूल. मोहिमेने नुसत्या गोळ्या वाटल्या नाहीत. ठिकठिकाणी दवाखाने भरवले, सूक्ष्मदर्शकातून लोकांना कृमीची अंडी दाखवली, संडास बांधा म्हणून सांगितले आणि हे सगळे राज्यांच्या आरोग्य खात्यांमार्फत केले. खाते त्यातून बळकट झाले.

या कामाची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. फाउंडेशनला सनद मिळाली १९१३ मध्ये. पुढच्याच वर्षी रॉकफेलर यांच्या मालकीच्या कोलोरॅडोतील कंपनीच्या संपात लडलो येथे कामगारांच्या बायकामुलांचे बळी गेले. मजुरांना असे वागवून जमवलेला पैसा कोणत्या कामी लावायचा हे मूठभर विश्वस्तांनी का ठरवावे, हा तेव्हा विचारला गेलेला सवाल रास्तच होता.

आपल्याकडे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. पण निधी कुठे द्यायचा हे संचालक मंडळ आणि त्याची सीएसआर समितीच ठरवते. या समित्यांनी ज्या तालुक्यात पैसा जायचा तिथले सरकारी डॉक्टर, आशाताई आणि ग्रामसभेची माणसे निर्णयाआधी बोलावून घ्यावीत आणि तो निधी वर्षाकाठी संपवून टाकण्याऐवजी एकाच आजारावर दहा वर्षे लावावा. राज्यातील कंपन्यांनी हे येत्या वर्षापासूनच सुरू करावे, अशी विनंती आहे.

— एक वाचक, पुणे