‘फिट’ म्हणजे दांडगा नव्हे

मा. संपादक यांस,

आपल्या अर्थविषयक पानावर अलीकडे आलेल्या एका लेखाचा सूर असा होता की बाजारात बळी तो कान पिळी, हाच उत्क्रांतीचा नियम. दुबळ्या कंपन्या आणि दुबळे कर्मचारी गळून पडले तर त्यात वावगे काय, सरकारने हस्तक्षेप करू नये. लेखकाच्या मनात जे आहे त्याला जुना, नेमका शब्द आहे: मत्स्यन्याय, म्हणजे मोठा मासा लहान माशाला गिळतो तो न्याय. डार्विनला मध्ये ओढायचे कारण नाही.

‘सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट’ हे शब्द मुळात इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरचे, 1864 मधले. डार्विनने ते ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या आपल्या ग्रंथाच्या 1869 च्या पाचव्या आवृत्तीत उचलले. मराठीत त्याचे ‘बलवान तेवढे टिकतात’ झाले आणि घोटाळा पक्का झाला. इथला ‘फिट’ तालमीतला नव्हे. झाकण बरणीला फिट बसते, तो. बरणी बदलली की तेच झाकण निकामी. गंमत म्हणजे 1838 मध्ये डार्विनला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली ती अर्थशास्त्रज्ञ माल्थसचा लोकसंख्येवरचा निबंध वाचताना. अर्थशास्त्राने जीवशास्त्राला दिलेले उसने आता ‘निसर्गनियम’ म्हणून व्याजासकट परत येते आहे.

उत्क्रांती म्हणायला तीन गोष्टी लागतात: नमुन्यांत फरक, त्या फरकामुळे टिकण्या-वाढण्यात पडणारे अंतर, आणि तो फरक पुढे नक्कल होऊन जाणे. उद्योगाबद्दल बोलताना तिसरी गोष्ट हटकून विसरली जाते. कंपनीला पिल्ले होत नाहीत, मग नक्कल होते कशाची? नेल्सन आणि विंटर या अर्थशास्त्रज्ञांनी 1982 मध्ये दिलेले उत्तर अजून कामाचे आहे: कामाच्या रुळलेल्या पद्धतींची. माल कधी मागवायचा, उधारी किती दिवस चालवायची, तक्रार आली की पहिला फोन कोणी करायचा, या त्या पद्धती. माणसे नोकरी बदलतात तेव्हा त्या सोबत नेतात, शाखा निघते तेव्हा तिथे उतरतात, स्पर्धक बघून उचलतात. म्हणून कंपनी ‘मेली’ तरी तिच्या पद्धती दुसरीकडे जिवंत असू शकतात. 1950 ते 2009 या काळातल्या 25 हजारांहून अधिक उत्तर अमेरिकी नोंदणीकृत कंपन्यांच्या अभ्यासात अर्धायुष्य (निम्म्या कंपन्या संपायला लागणारा काळ) साधारण 10 वर्षे निघाले, आणि कंपनी जुनी म्हणून तिचा धोका कमी-जास्त झालेला दिसला नाही. पण त्या मृत्यूंमध्ये विलीनीकरणेही धरलेली आहेत. त्या आकड्यावरून ‘दुबळे मेले’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

लेखकाने कर्मचाऱ्यांची क्रमवारी लावून तळाच्यांना दरवर्षी नारळ देण्याच्या पद्धतीचे कौतुक केले आहे. जॅक वेल्च प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीत ती गाजली, तळाचा वाटा 10 टक्के. मायक्रोसॉफ्टने आपली अशीच क्रमवारी 2013 मध्ये मोडीत काढली. या पद्धतीत नेमके काय बिघडते ते माणसांपेक्षा कोंबड्यांवर स्वच्छ दिसते.

पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर यांचे अंड्यांवरच्या कोंबड्यांचे निष्कर्ष 1996 मध्ये प्रसिद्ध झाले. पिंजऱ्यात अनेक कोंबड्या एकत्र ठेवलेल्या, चोची न छाटलेल्या, उजेड मुद्दाम भरपूर, म्हणजे टोचाटोचीला पूर्ण वाव. नेहमीची रीत अशी की सर्वाधिक अंडी देणारी एकेक कोंबडी निवडायची आणि तिचे वाण वाढवायचे. म्यूर यांनी एकेकटी कोंबडी न निवडता एका पिंजऱ्यात ठेवलेले अख्खे कुटुंब निवडले किंवा अख्खे बाद केले. दुसऱ्या पिढीत वर्षभरातली मर 68 टक्के होती, ती चौथ्या पिढीत 8.8 टक्क्यांवर आली. पिंजऱ्यात घातलेल्या दर कोंबडीमागे वर्षाला 91 अंडी मिळत होती, ती 237 झाली.

दाटीवाटीच्या पिंजऱ्यात एकीची अंडी वाढतात ती कधी तिच्या अंगच्या गुणाने, तर कधी शेजारणीला टोचून, खाण्यापासून हटवून. एकेकीची अंडी मोजणाऱ्याला हे दोन प्रकार वेगळे दिसतच नाहीत, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो न कळत टोचणारीलाही निवडत जातो. पिंजऱ्याची एकूण अंडी मोजली की टोचणारीची किंमत हिशेबात येते. विक्री विभागात सहकाऱ्याचे गिऱ्हाईक पळवणारा यादीत वर, आणि नवख्याला शिकवण्यात दुपार घालवणारा खाली, हे याच हिशेबाने घडते.

तरीही हा प्रयोग कार्यालयात जसाच्या तसा नेऊ नये. पिंजऱ्यातल्या कोंबड्या एकाच नराच्या लेकी होत्या, त्यामुळे गट निवडला की त्यातल्या सामायिक जनुकांचीही निवड होत होती. कार्यालयातल्या गटाला असे नाते नसते, आणि बक्षीस नुसते गटाला दिले तर फुकटे तयार होतात. मिश्र मोजमाप बरे पडते: थोडा भाग स्वतःच्या कामाचा, थोडा गटाच्या निकालाचा, आणि ‘याच्यासोबत काम करताना इतरांचे काम वाढले की घटले’ याची वेगळी नोंद. गट फार मोठा केला तर प्रत्येकाच्या हाती पडणारा वाटा इतका बारीक होतो की त्याचा परिणामच उरत नाही.

‘हस्तक्षेप नको’ या मुद्द्यावर एवढेच: बाजारातली बरणी नियमांनीच घडते. सांडपाणी नदीत सोडायला पैसे पडत नसतील तर नदीत सोडणारा कारखाना ‘फिट’ ठरतो, शुद्धीकरण करणारा बाद होतो. निवड दोन्ही नियमांखाली होते, फक्त टिकणारे वेगळे.

उत्क्रांतीचा व्यवसायात खरा उपयोग आहे तो चाचण्या घेण्यात, आणि तिथे अभियंते अर्थतज्ज्ञांच्या पुढे आहेत. 1964 मध्ये बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात अभियंते इंगो रेखेनबर्ग यांनी पाच बिजागऱ्यांनी जोडलेल्या सहा पट्ट्या वाऱ्याच्या बोगद्यात ठेवल्या. प्रत्येक बिजागरीला 51 जागा, म्हणजे एकूण सुमारे 34.5 कोटी आकार. हेतू एकच, वाऱ्याला होणारा अडथळा कमी करायचा. दर वेळी लहानसा यादृच्छिक बदल, सुधारणा झाली तर ठेवायचा, नाही तर मागे. नागमोडी दुमडलेल्या पट्ट्या काही शे चाचण्यांत जवळजवळ सपाट झाल्या.

पुढे त्यांनी एक पंचमांशाचा नियम मांडला. पाचांपैकी एकाहून जास्त बदल यशस्वी होत असतील तर तुम्ही फार जपून पावले टाकता आहात, पाऊल मोठे करा. एकाहून कमी होत असतील तर लहान करा. रूढ प्रमाण असे की लहान करताना पावलाला 0.85 ने गुणायचे, मोठे करताना 0.85 ने भागायचे. हा नियम दोन सोप्या गणिती नमुन्यांवरून निघालेला आहे, दुकानदारीला तो काटेकोर लागू पडेल असे नाही. पण ज्या संस्थेतले दहापैकी नऊ प्रयोग ‘यशस्वी’ असतात तिथे एक तर कोणी काही नवे करत नाही, नाही तर निकाल शिजवले जातात, एवढे त्यावरून नक्की ओळखता येते.

चाचणी बहुतेकदा फसते ती गोंगाटाने. संकेतस्थळावर येणाऱ्या 100 पैकी 2 जण खरेदी करतात असे धरा. 1000 जणांमागे 20 गिऱ्हाइके, पण नुसत्या योगायोगाने हा आकडा चार-पाचने सहज इकडे-तिकडे होतो. जुन्या मांडणीला 20 आणि नव्या मांडणीला 25 मिळाले म्हणून नवी निवडणे म्हणजे नाणे उडवणेच. 2 वरून 2.5 टक्के झालेली खरी वाढ भरवशाने पकडायला प्रत्येक गटात सुमारे 14 हजार माणसे लागतात. लहान संख्येत निवडीवर योगायोग मात करतो, याला जीवशास्त्रात जनुकीय विचलन म्हणतात. तेवढी माणसे येत नसतील तर रंग-अक्षरांचे खेळ सोडून किमतीसारखा मोठा बदल तपासावा. जुनी पद्धत त्याच काळात शेजारी चालू ठेवावी, नाही तर सणासुदीची विक्री नव्या मांडणीच्या खात्यावर जमा होते.

आपला,
एक वाचक