हेल्मेटला भोक पाडण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दुचाकीस्वारांसाठी ‘स्मार्ट’ हेल्मेट बनवणाऱ्या तरुण उद्योजकांच्या बातम्या वरचेवर छापून येतात. साताऱ्यात माझे हेल्मेट आणि ॲक्सेसरीजचे दुकान आहे, त्यामुळे त्या मी जरा जास्तच बारकाईने वाचतो.

सबमिशनचे दिवस आले की इंजिनिअरिंगची पोरे दुकानात येतात. “काका, सगळ्यात स्वस्त हेल्मेट द्या.” कशाला, तर ड्रिल मारून सेन्सर बसवायला. प्रोजेक्टही ठरलेला: हेल्मेट घातल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही, दारूचा वास आला तरी होणार नाही. मार्क मिळतात. पण हेल्मेटच्या आतला पांढरा थर्माकोल हाच खरा राखणदार. आपटल्यावर तो स्वतः चेपतो आणि धक्का गिळतो. बॅटरीसाठी तिथे खोबण कोरली, की नेमक्या त्या जागी डोक्यापाशी टणक डबी येते. आयएसआय मार्क अखंड हेल्मेटला मिळालेला असतो, चाळण केलेल्याला नाही. हे मी प्रत्येकाला सांगतो. पोरे मान डोलावतात आणि पिशवी उचलून जातात.

विद्यार्थ्यांचे सोडा. अमेरिकेत मार्कस वेलर यांच्या ‘स्कली’ कंपनीने २०१४ मध्ये असेच हेल्मेट जाहीर केले. मागच्या कॅमेऱ्याचे चित्र आणि नकाशा, हे सगळे नजरेसमोर. लोकांनी इंटरनेटवरून २४ लाख डॉलरच्या आसपास आगाऊ पैसे भरले. २०१६ मध्ये कंपनी बंद पडली आणि अनेकांना हेल्मेट मिळालेच नाही. माझा आक्षेप मात्र पैशांपुरता नाही. उसाच्या हंगामात रात्री कोरेगाव रस्त्याने येऊन बघा. पुढे बिनरिफ्लेक्टरची ट्रॉली उभी असते आणि समोरच्या गाडीचा अप्पर डोळ्यांत घुसतो. अशा वेळी नजरेसमोर आणखी एक पडदा कोणाला हवा आहे?

मला कौतुक वाटते ते एअरबॅग जॅकेटचे. जपानच्या मुगेन डेन्को कंपनीची ‘हिट-एअर’ जॅकेटे गेली अनेक वर्षे बाजारात आहेत. जॅकेटची दोरी गाडीला अडकवायची. स्वार फेकला गेला की दोरीला हिसका बसतो, छोट्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मान, छाती, पाठ यांभोवती हवा भरते. दोरी सोडायला विसरून नुसते उतरलात तर ते फुगत नाही, त्याला चांगला जोराचा झटका लागतो. जॅकेट फाटले नसेल तर नळकांडे बदलून पुन्हा वापरता येते. चार्जिंगची कटकट नाही. मोटोजीपीच्या शर्यतींत २०१८ पासून एअरबॅग सक्तीची आहे, अर्थात तिथली इलेक्ट्रॉनिक असते, दोरीची नव्हे.

इलेक्ट्रॉनिकला माझा विरोध नाही, पण तिच्यातली एक गोम सांगायला हवी. २०२१ मध्ये ‘क्लिम’ कंपनीच्या एअरबॅग जॅकेटची बरीच चर्चा झाली. त्यातली यंत्रणा मासिक वर्गणीवरही घेता येत होती. वर्गणी थकली आणि दिलेली मुदतही उलटली, तर जॅकेट फुगणार नाही, अशी ती योजना होती. आपल्याकडे मोबाइलचे रिचार्ज दोन दिवस पुढे ढकलणारे किती जण आहेत, हे मी सांगायला नको.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची. पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघणारा आणि रात्री जेवणाची पार्सले पोचवणारा पोरगा, या दोघांना परवडेल असे दोरीचे जॅकेट आपल्या उन्हा-पावसाचा विचार करून कोणी बनवले, तर दुकानात पहिल्या फळीवर ठेवीन.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. ‘स्मार्ट’ हेल्मेटवाल्या उद्योजकाची मुलाखत घेताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात: सगळे सामान बसवल्यानंतर हेल्मेटची आपटून चाचणी झाली आहे का, आणि कंपनी बंद पडली तर ते वापरता येईल का? उत्तरे बातमीतच छापा. गिऱ्हाईक दुकानात येऊन तेच मला विचारते.

आपला,
एक हेल्मेट विक्रेता, सातारा