इम्युनिटी वाढवा, पण कुणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन महिन्यांपूर्वी तुमच्या रविवारच्या पुरवणीत पावसाळ्यात इम्युनिटी कशी वाढवायची यावर अख्खं पान आलं होतं, आलं, हळद, गुळवेलीचा काढा वगैरे, आणि ते पान माझ्या आईने कापून फ्रिजवर लावलं म्हणून हे पत्र लिहितेय. आईला आमवात आहे, रुमॅटॉइड आर्थरायटिस. या आजारात इम्युनिटी आपल्याच सांध्यांवर तुटून पडते. पान वाचल्यावर आईने आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी बंद केली, मला सांगितलंही नाही, आणि काढा सुरू केला. का तर "ती गोळी इम्युनिटी मारते गं, आणि पेपरात तर वाढवा म्हणतात."

महिन्याभरात सकाळी उठल्यावर तिची बोटं तास-दीड तास वळेनात. पीठ मळता येईना, लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडेना, आणि मनगट इतकं सुजलं की हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात, शेवटी सोनाराकडे जाऊन कापून घ्याव्या लागल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला तर सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन, भरपूर वाढलेलं.

हे सीआरपी आता घरोघरी माहीत झालंय पण ते वाढतं कशाने हे कुणी सांगत नाही. शरीरात जंतू शिरला की तिथल्या पहारेकरी पेशी सायटोकाइन नावाची छोटी प्रोटीन्स सोडतात, म्हणजे एका पेशीने दुसरीला दिलेली हाकच. टीएनएफ, इंटरल्यूकिन-1 आणि इंटरल्यूकिन-6 ही त्यातली मोठी नावं. टीएनएफमुळे तिथल्या रक्तवाहिन्या सैल होतात आणि पांढऱ्या पेशी बाहेर पडून जागेवर पोचतात, त्यामुळेच सूज, लाली, गरमपणा. काही सायटोकाइन्स मेंदूपर्यंत निरोप पोचवून ताप चढवतात, आणि इंटरल्यूकिन-6 लिव्हरला सीआरपी बनवायला लावतं. व्हायरल तापात अंग मोडून येतं, जेवण नको वाटतं, नुसतं पडून राहावंसं वाटतं, ते सगळं जंतूच करतो असं आपण धरून चालतो पण त्यातलं बरंचसं या हाकांमुळेच होतं. काम झालं की शरीर ब्रेक लावतं, इंटरल्यूकिन-10 आहे, आपलं स्वतःचं कॉर्टिसॉल आहे. आईच्या सांध्यांत हे ब्रेक पुरे पडत नाहीत, जंतू नसताना हाका चालूच राहतात, एका हाकेने पुढच्या पेशी जाग्या होतात आणि त्या आणखी हाका मारतात, आणि सांध्याचं अस्तर सुजून शेवटी कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरची गादी, आणि हाड झिजायला लागतं. झिजलेलं हाड परत पहिल्यासारखं होत नाही हो!

यातली आशेची गोष्टसुद्धा तुम्ही छापू शकला असता. लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी आणि त्यांचे सहकारी मार्क फेल्डमन यांच्या लंडनमधल्या गटाला प्रयोगशाळेत दिसलं की सांध्यातल्या पेशींमधला एकटा टीएनएफ अडवला तर इंटरल्यूकिन-1 पण खाली येतं, म्हणजे साखळीची एकच कडी धरली तरी बाकीची सैल पडते. मग 1992 मध्ये चेरिंग क्रॉस हॉस्पिटलमध्ये त्यांनी 20 पेशंटना टीएनएफ अडवणारं औषध दिलं आणि त्यांच्या सांध्यांना खरंच आराम पडला. आज त्याच जातीची इंजेक्शनं आपल्याकडेही मिळतात.

अर्थात दाबणं पण सोपं नाही. आईला असं इंजेक्शन द्यायचं ठरलं तेव्हा आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची टेस्ट करायला लावली, कारण शरीरात झोपलेल्या टीबीला कोंडून ठेवायचं काम हाच टीएनएफ करतो, तो अडवला की टीबी उठू शकतो. आणि आपल्याकडे असा झोपलेला टीबी किती जणांच्या अंगात असतो! कोविडमध्येही हेच दिसलं. सायटोकाइन स्टॉर्म, म्हणजे या हाकांचं वादळ, हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता, इंटरल्यूकिन-6 ची वाट अडवणाऱ्या टोसिलिझुमॅबसाठी नातेवाईक या मेडिकलमधून त्या मेडिकलमध्ये पळत होते. पण जून 2020 मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलमध्ये निघालं की डेक्सामेथासोन हे इम्युनिटी दाबणारं स्टेरॉइड ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्यांचे जीव वाचवतं आणि ऑक्सिजन न लागलेल्यांना त्याचा फायदा नाही. औषध तेच, पेशंटही कोविडचाच, फरक फक्त आजार कुठल्या टप्प्यावर आहे याचा. असं असताना सगळ्यांनी सरसकट इम्युनिटी वाढवा असं कसं काय लिहिता येतं?

गुळवेलीबद्दलही 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी ती घेणाऱ्या 6 पेशंटच्या लिव्हरला झालेल्या त्रासाबद्दल लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण निदान दोन्ही बाजू तरी छापा.

माझी विनंती एवढीच आहे की असं पान पुन्हा काढाल तेव्हा आमवात, ल्युपस, सोरायसिस असे इम्युनिटी आपल्याच अंगावर उलटणारे आजार असलेल्यांनी चालू गोळी स्वतःहून बंद करू नये आणि काढा सुरू करायच्या आधी डॉक्टरांना विचारावं, ही चौकट त्याच पानावर ठळक अक्षरात टाका. दुसऱ्या दिवशीच्या खुलाशात नको, खुलासा कुणी कापून ठेवत नाही. आणि एखाद्या सांधेविकार तज्ज्ञांकडून यावर साध्या भाषेत लेख लिहून घ्या.

आमच्या फ्रिजवरचं कात्रण मी काढून टाकलंय. शेजारच्या काकूंच्या फ्रिजवर अजून आहे, आणि त्यांना ल्युपस आहे.

आपली नेहमीची वाचक,
सांगली